शंभराला एक

धनपालशेटनी चहाचा कप माझ्याच वहीवर ठेवला.
"उज्ज्वला, तुला टॅली येतंय न्हवं,
मग वेबसाइट पण येईलच की."

अकरा वर्षं मी उद्यमनगरात
बिलं करते, हजेरी मांडते
आणि रात्री केसांतून काळी वाळू विंचरते.
येईलच की, म्हटलं मीही.

सोमवारी भट्टी बंद. ऑफिसात मी एकटी.
पंख्याची कुरकुरही त्या दिवशी मोठी.
नाव नोंदवलं, जागेचं भाडं भरलं.
पासवर्ड मागितला त्यानं:
मोठं अक्षर, आकडा, एखादं चिन्ह.
माहेरच्या गल्लीचं नाव उलटं करून दिलं.
दार उघडलं.
डाव्या हाताला काळी पट्टी,
लेख, पानं, चित्रं, मेनू,
आणि मधोमध कुणीतरी आधीच टाकून गेलेला
एक लेख: नमस्कार, जग!

जगाला नमस्कार घालावा
एवढी माझी ओळख नाही जगाशी.
कचरापेटीत टाकला.
पेटी म्हणाली, तीस दिवस ठेवते, विचार कर.
इतकी सवड मला कुणी दिली नव्हती,
लग्न ठरतानासुद्धा.

मग म्हणे, साचा निवडा.
हजारभर साचे. प्रत्येकात
समुद्रकाठी लॅपटॉप घेऊन हसणारी माणसं
आणि खाली कुठल्याच भाषेतल्या नसलेल्या ओळी,
नुसत्या जागा भरायला.

मंगळवारी खाली गेले.
इलाही मेस्त्रींचा चष्मा कपाळावर, पटाशी सागवानात.
"मेस्त्री, साचा कसा निवडायचा?"
"साचा निवडत न्हाईत, पोरी.
साचा वाळूचा. ओतून झालं की मोडायचा.
तू म्हणतीस त्यो पॅटर्न. लाकडाचा. त्यो ऱ्हातोय."
मग त्यांची पट्टी दाखवली,
जिच्यावरचा फूट बाजारातल्या फुटाहून
केसभर लांब.
"लोखंड थंड झालं की आकसतंय.
शंभराला एक.
म्हणून लाकूड आधीच मोठं धरायचं."

मागं फळीवर त्यांची चौतीस वर्षं:
गुऱ्हाळाच्या चरकाचा दाता,
ऑइल इंजिनचं फ्लायव्हील,
एका पंपाचं पोट, ज्याचा कारखाना कधीच बंद पडला.
प्रत्येकावर खडूनं गिऱ्हाइकाचं नाव.
निम्मी गिऱ्हाइकं आता फक्त तिथंच आहेत.
मी फोटो काढत गेले.
मेस्त्री प्रत्येक तुकड्यावरची धूळ आधी बाहीनं पुसत गेले.

"आमच्याविषयी" या पानावर शेटनी सांगितलं होतं,
गुणवत्ता हेच आमचे ब्रीद.
ते खोडलं.
पट्टीचं लिहिलं. खडूचं लिहिलं.
थोडं जास्तच लिहिलं,
थंड झाल्यावर कमी पडू नये म्हणून.
मसुदा जतन झाला.
बुधवारीही जतन झाला.
बटणाजवळ जायचे आणि जीएसटीच्या फाइलीकडे परत यायचे.

गुरुवारी तीनला दुसरी हीट ओतत होते.
पत्रे केशरी झाले, जाळी तापली,
खालून कुणीतरी ओरडलं, "हलवू नगा, हलवू नगा!"
त्याच दमात मी "प्रकाशित करा" दाबलं.
काही वाजलं नाही. ठिणगी नाही, धूर नाही.
भेट देणारे: एक.
ती मीच.

सुट्टीच्या भोंग्याला मेस्त्री हात धुऊन वर आले.
माझा फोन घेतला,
कडेवरून अंगठा फिरवला,
कास्टिंगची धार तपासतात तसा.
बराच वेळ वाचलं.
"हितं मिस्त्री झालंय. मी मेस्त्री."
मी वेलांटी काढली, मात्रा दिली, अद्ययावत केलं.
दोन सेकंद.

ते स्क्रीनकडे बघतच राहिले.
"ओतल्यावर बी बदलता येतंय?"
"येतंय की. कवाबी."
फोन त्यांनी दोन बोटांनी परत दिला,
जसा काही अजून लाल आहे.
"मग अवघड हाय बाई तुझं काम," म्हणाले,
"हे कधी थंडच व्हायचं न्हाई."