चार नंबरचं कपाट

तलवारी पहिल्या दालनात आहेत.
लोक तिथंच जास्त रेंगाळतात.
गंजून गंजून त्या इतक्या झिजल्यात
की लोणीसुद्धा कापलं जाणार नाही,
पण नाव तलवार, म्हणून दिवा त्यांच्यावर.

आस्लाउग तिकिटं फाडते, ओले कोट टांगते
आणि मागच्या खोलीत
जात्याएवढ्या रुंद तव्यावर
सातूच्या पिठाची भाकरी भाजते,
कागदासारखी पातळ, लांब फळीनं उलटायची.
पीठ उडून तिच्या भुवया पांढऱ्या होतात.
भुवया तशाही पांढऱ्याच.
वास पहिल्या दालनापर्यंत जातो
आणि तलवारींपुढची माणसं
एकदम मान वळवतात.

गुरुवारी बोट नसते. फ्योर्डपलीकडून कुणी येत नाही.
गुरुवारी ओडवार येतो.
ऐंशीचा, कॉड ओढून ओढून
बोटं दोरासारखी पिळलेली.
तिकीट काढतो. ती नको म्हणते. तो काढतोच.
आणि सरळ चार नंबरच्या कपाटापाशी.

कपाटात संगजिऱ्याचं एक भांडं, तडकलेलं,
तळाशी हजार वर्षांची खरवड.
शेजारी मुठीत मावेल असा दगड, वर खाच.
पाटीवर छापलंय:
गळाचं वजन. दहावं शतक. १८५ ग्रॅम.
बटाट्याच्या शेतात सापडलं.
कुणाला: अज्ञात.

ओडवारला.
बारा वर्षांचा होता, बाप नांगरत होता,
ओरडला, धोंडा काय बघतोस, घोडं खोळंबलंय.
पोरानं धोंडा खिशात घातला
आणि पुढचे दोन हिवाळे त्याच्यावर मासे धरले.
"मस्त बुडायचा," म्हणतो अजून,
"शिशापेक्षा मस्त."
मग शाळेतल्या मास्तरांनी तो मागून नेला.

यंदा शहरातून पत्र आलं, पाट्या नव्या छापणार.
आस्लाउगनं विचारलं, नाव घालू ना तुझं?
पेन्सिल तिच्या कानावर तयारच होती.
ओडवार काचेशी वाकला.
श्वासानं काच धुरकटली, त्यानं बाहीनं पुसली.
"ज्याचा हरवला, त्याचं नाव आहे?"
नव्हतं.
"आणि भांडं करपवलं तिचं?"
तेही नव्हतं.
"मग राहू दे."

तव्यावरून धूर आला तेव्हा दोघं धावली.
भाकरी गेली होती, निम्मी तरी.
त्यानं काळी बाजू आपल्याकडे घेतली,
वर आंबूस लोणी, वर ठेचलेला सुका मासा,
आणि बराच वेळ नुसता कुरकुर आवाज.

मग तो तोंडातला घास संपवून म्हणाला,
"वजन मात्र चुकलंय त्यांचं.
दोनशे भरेल. माझ्या हाताला ठाऊक आहे."
आस्लाउगनं त्याच्याकडे बघितलं,
दाराकडे बघितलं,
आणि ॲप्रनच्या खिशातून किल्ली काढली.

पिठाच्या काट्यावर ठेवला दगड.
काटा डुलला, थांबला.
दोनशे चार.
"चार पिठाचे," ती म्हणाली.