जे न अडता बाहेर येतं

पहाटेचे दोन चाळीस. डार्मश्टाटच्या कडेचं जंगल
धुक्यात बुडालेलं. आत यंत्रांची एकसुरी घरघर,
आणि हार्टविग लोबिश टेबलावर डोकं टेकून
झोपलेला नाही, ऐकतोय.
पंप बिघडायच्या आधी, तो म्हणतो,
आवाज जरासा खाली बसतो,
सर्दी झालेल्या माणसासारखा.

इथे आम्ही सोन्यावर सोनं आपटतो.
पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं:
सोनार कसोटीच्या दगडावर घासून बघतो,
आम्ही चक्काचूर करून.
केसाहून पातळ पत्रे, एकामागे एक टांगलेले,
आणि त्यांच्यावर धावून येणारं,
अंगावरचे बहुतेक इलेक्ट्रॉन उतरवलेलं, उघडंवाघडं सोनं.
जवळजवळ सगळं आरपार निघून जातं.
एखादंच भिडतं.

तेव्हा तिथे जे होतं
त्याला क्षण म्हणणंसुद्धा उधळपट्टी.
जागा एकाची, बिऱ्हाडं दोन.
आधीच जे इतकं गच्च
की त्याचा साखरेएवढा खडा डोंगराला भारी,
ते दुप्पट दाबलेलं, तिप्पट,
मुंगीला शिरायला फट नाही.
असं दाटलेलं आकाशातच सापडतं,
दोन विझलेले तारे एकमेकांवर कोसळताना.
तिथे कोण जाणार?
म्हणून इथे, शेवटच्या बसस्टॉपच्या पुढे,
कोबीच्या शेतांना लागून.

मग फुटतं. आणि फुटलेलं सगळं खरं सांगत नाही.
बाहेर येणारा जवळजवळ प्रत्येक कण
वाटेत दहाजणांशी झटापट करून आलेला,
आतलं विसरलेला,
दाराशी झालेली ढकलाढकलीच सांगणारा.
फक्त एक जोडी, इलेक्ट्रॉन आणि त्याचा उलटा भाऊ,
त्या झटापटीत पडत नाही.
त्यांना त्या भांडणाची भाषाच येत नाही.
आत जसं होतं तसं घेऊन
सरळ बाहेर.
पण किती दुर्मीळ! तिच्यासाठी आम्ही
डोळ्यांत तेल घालून बसतो.

तीन पाचला बीम गेला.
एका चुंबकाचं पाणी अडलं होतं.
वाल्ट्राउट फोनवर ओरडत होती,
मी नोंदवहीत लिहिलं: ०३:०५, बीम नाही.
हार्टविगने डब्यातून सफरचंद काढलं, चाकू काढला.

"आई सात वर्षांची होती," कुणी न विचारताच.
"सप्टेंबर चव्वेचाळीस. वर शहर जळत होतं.
खाली तळघर, बारा माणसांचं.
त्यात एकतीस.
तिने कधी सांगितलं नाही.
आमच्या वाट्याला नुसते तुकडे:
घरातलं एकही दार ती लावू द्यायची नाही,
हिवाळ्यातसुद्धा, न्हाणीघराचंसुद्धा.
लिफ्ट नको. वाढदिवसाला मेणबत्त्या नकोत.
वडील म्हणायचे, धुराला घाबरते.
मावशी म्हणायची, अंधाराला.
शेजारीण म्हणायची, स्वभावच तसा."

तो थांबला. साल लांबत चालली होती,
गुडघ्यापर्यंत आली.

"एकदाच. भांडी विसळताना, माझ्याकडे न बघता:
अंधारात कुणीतरी सफरचंद सोलत होतं.
वास आला. मग एक फोड माझ्या हातात आली.
कुणाचा हात, ते कळलं नाही.
बस. नळ बंद केला,
आणि उद्या पाऊस आहे म्हणाली."

मला त्या जोडीबद्दल काही बोलायचं होतं.
जीभ उचललीही. पण ज्याने माझ्या जन्माआधीपासून
या डिटेक्टरांच्या तारा ओढल्या,
त्याला मी काय सांगणार?

त्याने फोड पुढे केली. मी घेतली.
वाल्ट्राउटने फोन न ठेवताच हात लांबवला.

०३:५१. बीम परत. पडद्यावर रेघांची कारंजी.
'इतर शेरा' या रकान्यात
मी काहीतरी लिहिणार होतो.
बोटं चिकट होती.