विनाशीर्षक ३८

नवा संगणक साखळीच्या बाजारातून आला
रिक्षेत, माझ्या मांडीवर,
दवाखान्यातून तान्हं आणावं तसा.
त्याच्या पोटात अजून काहीच नव्हतं.

आणि हा जुना प्लेअर,
काडेपेटीहून जरा मोठा, एक कोपरा चेपलेला,
वास्कोत कुणा तारवट्याकडून घेतलेला,
ह्यांच्या खाकी खिशात पंधरा वर्षं डिझेल पिऊन
काळपट पडलेला.
बार्जच्या इंजिनघरात उभ्याउभ्या
हे गाणी ऐकायचे. म्हणजे कानात खुपसायचे,
इंजिनाच्या वर आवाज चढवून.
आता कान गेले, दोन्ही.
बांबोळीच्या डॉक्टरांनी कागदावर
एक उतरती रेघ काढून दाखवली.
खाण बंद, बार्ज चिखलात, रेघ खाली.
हे म्हणाले, बरोबर आहे, ओहोटी.

वायर जोडली.
पडद्यावर चौकट आली:
या संगणकाशी जुळवून घ्यायचं असेल
तर आधीचं सगळं पुसलं जाईल. चालेल?
मी बोट हवेतच धरलं.
सावईहून या घरात आले
तेव्हा असं कुणी विचारलं नव्हतं;
'रद्द करा' हे बटण तर मांडवात कुठेच नव्हतं.
आज होतं. दाबलं.

मग मुलीनं पुण्याहून फोनवर आडवाट सांगितली:
लपवलेल्या फाइली दाखवा, असं लिहिलंय बघ, तिथे टिचकी मार.
मारली, तर पन्नास कप्पे उघडले
आणि कप्प्यांत गाणी, पण नावं गेलेली.
क्यू-झेड-टी-आर. एल-व्ही-के-ओ.
शिमग्यात सोंगं घेऊन दारात उभी राहिल्यासारखी;
मुखवट्याखाली कोण, ते उघडल्याशिवाय कळेना.
एकेक उघडत गेले:
सप्ताहातल्या पहाटेचा कुणाचा तरी बसलेला गळा,
कोरगावच्या दशावतारातलं राक्षसाचं भांडण,
एक पोर्तुगीज बाई, जिला काय दुःख आहे
ते मला अजून कळलेलं नाही,
आणि सिनेमातली ती चार-पाच, जी मला आवडतात
हे ह्यांना माहीत नाही असं मी समजत होते.

हिरवी पट्टी सरकत राहिली.
भात शिजेपर्यंत दोनशे,
अळसांद्याच्या तोणकाला कढ येईपर्यंत चारशे.

शेवटी एक उरलं. विनाशीर्षक ३८.
सहा मिनिटं. लावलं, तर काहीच वाजेना.
आवाज वाढवला. नाहीच.
खराब झालंय म्हणून पुसायला घेतलं
तर शेजारच्या रकान्यात आकडा:
ऐकलं, तीनशे बारा वेळा.
बाकी कुठलंच गाणं साठीच्या पुढे नव्हतं.

ह्यांना हलवून उठवलं, पडद्याकडे बोट केलं.
चष्मा शोधण्यात एक मिनिट गेलं.
"काडूं नाका गो तें!"
स्वतःचं स्वतःला ऐकू येत नसल्यानं ओरडूनच.
"आमोण्याला भरतीची वाट बघत होतो.
तांडेलानं इंजिन बंद केलं.
तेवढंच घेतलं होतं."

मी बोंडं कानात घातली.
आधी माझंच रक्त. मग त्याच्या मागे
पाणी पत्र्याला लागतंय, सोडतंय.
लांब कुणीतरी खोकलं. दोर एकदा करकरला.
तिसऱ्या मिनिटाला कुणी विचारतो, चहा?
आणि ह्यांचा आवाज, हळू,
इतका हळू की तो कसा होता
ते मी विसरूनच गेले होते:
नाका, रांव मरे.

संगणक नाव मागत होता.
रिकाम्या चौकटीत ती बारीक रेघ
दिसत होती, नाहीशी होत होती.
हे मागे उभे, मी काय लिहिते ते बघत.
रस्त्यावरून मासळीवाल्याचा भोंगा वाजत गेला.
मी उठले नाही.
रात्री पुन्हा तोणकच.