चार्ज देताना

हेडक्लार्क विचारतात, मॅडम, डेडस्टॉकला काय काय?
सांगते : प्रेशर कुकर एक, बारा लिटरचा, शिटी नाही.
ऑटोक्लेव्ह मंजूर झाला तेव्हा मी चाळिशीत होते,
आला तेव्हा चष्म्याचा नंबर दोनदा बदलला होता.
वर्तमानपत्रांत दाबलेल्या आमऱ्या, नग सातशे अकरा.
काहींच्या पाठीला जुन्या निवडणुकीचे निकाल चिकटलेत,
ते सोडवू नका.

आई म्हणायची, डॉक्टर व्हयनी,
पन साधं पडसं बरं करता येत नही.
खरंच नाही आलं.

मला येत होतं ते एवढंच :
बोंडातली पिठासारखी बी,
एका शिंकेत लाख उडतील अशी,
जिच्यासोबत शिदोरीच दिलेली नसते.
रानात बुरशी येऊन तिला भरवते,
बाटलीत मी भरवायची :
अगार, साखर, आणि शहाद्याच्या बाजारातलं
डागी केळं, कुस्करून.
एका मे महिन्यात वीज गेली ती तिसऱ्या दिवशी आली.
दोनशे बारा बाटल्या. वास अजून आठवतो,
लग्नघराच्या मागच्या दारासारखा.

रायकीबाई पावरा भेटली ती धडगावच्या बाजारात,
पाटीभर मुळ्या घेऊन. रास्ना, किलोवर.
मी भाव विचारला, मग रागावले, मग सगळी पाटी विकत घेतली,
आणि पुढच्या बाजाराला तिने दोन पाट्या आणल्या.
हे मी कुठल्याच पेपरात लिहिलं नाही.

पुढे तीच माझ्याआधी मोहावर चढायची,
लुगड्याची चिंधी फाडून रोप बांधायची.
सुतळी कापते, म्हणायची,
पोराला कोणी सुतळीने बांधतं का?
एकेचाळीस बांधली. नऊ धरली.
मग रस्ता रुंद झाला, मोह गेला,
सहा राहिली का तीन,
गुडघ्यांमुळे मी वर गेलेच नाही मोजायला.

आज दारातल्या स्टुलावर तिचा नातू बसलाय,
पहिल्या बसने आलेला.
मोबाइल पुढे करतो : त्यांच्या अंगणातला आंबा,
खोडाला विटकी हिरवी चिंधी,
आणि तिच्यातून बाहेर
चौकटीचौकटीचं तपकिरी फूल, ओठ जांभळा.
मोह पाडला त्या रात्री आजीने फांदीच उचलून आणली होती, म्हणतो.
तिने विचारलंय, ह्याला पाणी घालायचं का?

पाणी नको, सांगते.
तेवढी चिंधी आता सोड म्हणावं,
मुळांनी धरलंय.

आणि कुकरची शिटी? हेडक्लार्क पेन उचलून थांबलेत.
हरवली, लिहा.