सरकून घे

सावळजच्या शेडवर बेदाणा निवडताना
मालकाच्या पोराचा स्पीकर खिळ्याला टांगलेला असतो.
दिवसभर गाणी. सगळ्या गाण्यांत कुणीतरी कुणाला तरी
जवळ ये म्हणतंय.
हौसाक्का म्हणते, एवढं बोलावतोय, गाडीभाडं कोण देणार?
आम्ही हसतो.
गंधकाच्या वासानं डोळ्यांना पाणी येतंच,
त्यामुळं कुणाचं कशानं आलं ते कळत नाही.

गाण्यातल्या बायकांना चंद्र लागतो.
मला नाही लागत.
मला एवढंच, की पहाटे गार सुटल्यावर
पायांवरून घसरलेली वाकळ
कुणीतरी झोपेतच वर ओढावी,
आणि ओढताना थोडं चिडावं.

हे सेलमला असतात, गलाईच्या दुकानात,
मुशीत दुसऱ्यांचं सोनं वितळवत.
तेजाबानं बोटांचे ठसे पुसलेत.
गावी आले तेव्हा रेशनच्या मशीननं
ह्यांचा अंगठा घेतलाच नाही.
मी घेते ओळखून. पाठीवर हात पडला की
बेदाण्याच्या वाळल्या देठासारखा टोचतो आधी,
ऊब मागनं येते.
दिवाळीला अकरा दिवस होते.
त्यातले दोन पाहुण्यांत गेले, एक सोसायटीत.

काल फोनवरचं बोलणं लवकर संपलं.
पोराची फी, सिलिंडर, ह्यांची दुखरी दाढ.
मग दोघं गप्प.
तिकडं खालच्या चहावाल्याकडं तमिळ गाणं चाललेलं.
मला एक शब्द कळला नाही,
पण एका जागी त्या बाईचा आवाज खाली आला,
कंदिलाची वात बारीक करावी तसा,
आणि मी निवडायच्या सुपासारखी हलायची थांबले.
"काय म्हणतीय हो ती?"
चौदा वर्षं झाली तिकडं, भाषा येते ह्यांना.
तरी बराच वेळ ऐकत राहिले.
"काही नाही," म्हणाले,
"जरा सरकून घे म्हणतीय."

खरं सांगितलं का मनानं रचलं, विचारलं नाही.
चहावाल्यानं शटर ओढलं, गाणं मधेच तुटलं.
फोन तसाच चालू,
ह्यांचा श्वास लांब लांब होत गेला.

मी फोन उशाशी ठेवला,
आणि पोराला न उठवता
भिंतीकडं सरकले.
पलंग आहे तेवढाच आहे.
वीतभर जागा झाली.