शिंप्याचा खडू

चेर्नोव्हित्झला नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत
कोळशाच्या वखारीवर आमची शाळा.
अंशेल ट्राख्टनबर्ग मास्तर बापाचाच खडू वापरायचे,
शिंप्याचा, चपटा, निळा;
फळ्यावर धड उमटायचा नाही.

पहिल्या दिवशी आलेफ काढला.
म्हणाले, वाचा.
आम्ही तोंडं उघडली. आवाज नाही.
"बरोबर. याला स्वतःचा आवाजच नाही.
देवाबद्दल मला ठाऊक आहे ते एवढंच.
बाकीची तीनशे पानं खाज म्हणून लिहिली."

त्या पानांवरून रब्बी रुसले,
विद्यापीठानं चहा पाजून वाटेला लावलं.
फ्रुमाबाई म्हणायच्या,
देवाचं माप घ्यायला निघालेत,
आणि कोटाला बटण नाही!

उत्तर आलं की त्यांचा चेहरा पडायचा.
"उसव ते. आतली बाजू दाखव."

एक्केचाळीसच्या ऑक्टोबरात, स्टेशनावर,
रांग पुढे सरकत होती.
मास्तरांनी खिसा चाचपला,
माझ्या कोटाचं अस्तर उलटून
घाईघाईत काहीतरी ओढलं.
मी बारा वर्षांची. थंडीनं नाक गळत होतं.
मग त्यांचा डबा वेगळा, आमचा वेगळा.

पुढे चिखलात, पावसात ते पुसत गेलं.
तो आलेफ होता,
की इथून कापा अशी नुसती खूण,
अजून ठरत नाही.