बाद पुस्तकांची यादी

वेंगुर्ल्याच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्याला चिकटून
आमचं वाचनालय. मागच्या भिंतीला बारमाही ओल.
मार्चअखेर समितीने सांगितलं :
वाळवीची, फाटकी, दहा वर्षांत कुणी न नेलेली
बाद करा. रद्दीवाला शुक्रवारी येईल.

मी यादी करत गेले.
११४२, पाकशास्त्र, पाठीला बुरशी.
११४५, हस्तसामुद्रिक, उंदीर.
११४७, विंचूगडाचा सातवा पहारेकरी,
लेखक ‘खड्गानंद’, किंमत दीड रुपया.
मुखपृष्ठावर उघडाबंब माणूस, मिशी बाकदार,
तलवार त्याच्याहून हातभर लांब,
मागे धुरातून वर येणारी बाई,
जिच्या केसांतले साप चित्रकाराला जमले नव्हते,
वामीच वाटत होत्या, बाजारात वाट्यावर लावलेल्या.

हसले. मग उभ्याउभ्याच चाळायला घेतलं.
पहिल्या पानावर तीन मुंडकी.
दुसऱ्यावर मांत्रिक, जिभेच्या टोकावर दिवा.
रात्र काजळकाळी, हास्य विकट,
विशेषणं एकमेकांच्या खांद्यावर चढलेली
आणि एकोणचाळिसाव्या पानावर, कसलीही सूचना न देता :
‘तलवार म्यान करताना भैरवाक्षास वाटले,
आपण कुणा झोपलेल्याचे दार हळूच लोटून घेत आहोत.’

मी खुर्ची ओढली.

खाली कारखान्यात लाद्या फुटत होत्या,
वर भैरवाक्ष हिमदैत्याच्या बरगड्या मोजत होता.
चहा आला, गार झाला.
एक पोरगा दहावीचं गाइड मागून गेला, मी नाही म्हटलं असावं.
सहावा पहारेकरी पडला. सातवा दरवाजा करकरला,
उघडला, आणि पलीकडे
वाळवीची मातकट नळी, थेट पुठ्ठ्यापर्यंत गेलेली.
शेवटची सोळा पानं नाहीत.

मागच्या खिशातल्या चिठ्ठीवर तारखांचे जांभळे शिक्के.
एकाहत्तर ते एकोणऐंशी. एकवीस वेळा.
दर वेळी सभासद एकच : क्रमांक ८८, इनास लोबो.

नवाबागेत विचारत विचारत गेले.
म्हातारा पडवीत जाळं विणत होता, बघण्याचं काम बोटांकडे;
डोळ्यांत मोतीबिंदू, खरवडलेल्या शिंपल्यासारखे.
‘शेवट काय होतो त्याचा?’
‘खयचो शेवट?’ म्हणाला. ‘खूप आसत.’

होडीवर जाळं टाकून बसलं की रात्र सरायची नाही.
चौघांत अक्षर येणारा हा एकटा. कंदील, आणि खड्गानंद.
‘आंतोनाक झोप येय, तेव्हा पहारेकऱ्याक मारूक लागा.
बुधाजीची बायल अडली होती, त्या रातीक
कोणाकच मारूक नाय. राक्षसाकसुद्धा.
एकदा वादळात गावलो, तेव्हा दरवाजाच उघडूक नाय.’

‘पण पुस्तकात काय होतं?’
सुई थांबली.
‘ता माका काय ठावक?
ती पानां तेव्हासुद्धा नाय होती.’

‘मग एकवीस वेळा नेलंत कशाला?’
‘बघूक,’ म्हणाला, ‘परत इली काय ती.’

शुक्रवारी रद्दीवाल्याचा काटा लागला : बेचाळीस किलो.
पाकशास्त्र गेलं, हस्तसामुद्रिक गेलं.
तांब्याच्या वटवाघळांचे राज्य आणि नीलकवटीचा नजराणा,
खड्गानंदाचीच दोन, मी टेबलाच्या खणात सरकवली.
यादीत ११४६ नंतर ११४८ येतो.
समितीला अजून दिसलेलं नाही.

क्रमांक ८८ ची वर्गणी चव्वेचाळीस वर्षं थकलेली.
तरी संध्याकाळी पुस्तक घेऊन गेले, पडवीत बसले,
घसा खाकरून पहिलं पान वाचलं :
भैरवाक्षाने विजेसारखी तलवार फिरवली
आणि तीन मुंडकी धुळीत पडली.

‘चार,’ इनास म्हणाला,
जाळ्यातून मान वर न काढता.

मी परत वर गेले. मोजली.